आउग्सबुर्ग : मोजूनमापून वाटलेली शांतता

म्युनिकहून पश्चिमेकडे निघालेली जलदगाडी अर्ध्या तासात आउग्सबुर्गला पोहोचते. पण बव्हेरियाच्या राजधानीची ओढ लागलेले बहुतेक परदेशी प्रवासी हे शहर गाडीच्या खिडकीतूनच पाहतात आणि पुढे जातात. ही चूक मोठी आहे. मध्ययुगीन युरोपातून आधुनिक युरोप कसा निघाला, राजसत्ता, पैसा आणि धर्म या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतून कशा बदलल्या, हे एका दिवसाच्या पायी फेरीत पाहायचे असेल तर त्यासाठी आउग्सबुर्गइतके योग्य शहर क्वचितच सापडेल. इसवी सनापूर्वी १५ च्या सुमारास ऑगस्टस बादशहाच्या काळात रोमन सैन्याने लेख आणि वेर्टाख या नद्यांच्या संगमाजवळ तळ ठोकला, त्याच्या नावावरूनच शहराचे नाव आले, आणि आल्प्स ओलांडून इटलीला जाणाऱ्या रस्त्यामुळे पुढची दीड हजार वर्षे या गावाची नाळ इटलीशी जोडलेली राहिली.

पुढच्या सगळ्या उलथापालथीची सुरुवात कापडापासून होते. लेख नदीचे पाणी कालव्यांनी शहरभर खेळवलेले आहे. जुन्या वस्तीत घरांच्या पायथ्याशी हे पाट आजही खळखळत वाहतात आणि २०१९ साली युनेस्कोने या जलव्यवस्थेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. या पाण्यावर गिरण्यांची चाके फिरत, रंगारी कापड धूत, आणि विणकर बार्खेंट नावाचे कापड विणत. बार्खेंट म्हणजे जवसाच्या सुताचा ताणा आणि कापसाच्या सुताचा बाणा असलेले मिश्र कापड. जवस जवळपासच्या शेतांतून येई, पण कापूस भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरून व्हेनिसमार्गे आणावा लागे. त्यामुळे माग चालवणाऱ्यापेक्षा कापूस आणून देणारा आणि तयार माल उचलणारा माणूस अधिक श्रीमंत होत गेला. १३६७ साली ग्राबेन या खेड्यातून हान्स फुग्गर नावाचा विणकर या शहरात आला. त्याचा नातू याकोब फुग्गर (१४५९–१५२५) व्हेनिसमध्ये व्यापार शिकला, तिरोलच्या चांदीच्या आणि हंगेरीच्या तांब्याच्या खाणींचे उत्पन्न कर्जापोटी गहाण घेत गेला, आणि ‘श्रीमंत याकोब’ याच नावाने इतिहासात गेला. राजाला रोख रक्कम द्यायची आणि तिच्या बदल्यात व्याजाऐवजी खाणीतली चांदी बाजारभावाहून स्वस्त दराने घ्यायची, अशी ही पद्धत होती. कर्ज देणाऱ्याच्या नावामागे व्याजखोरीचा ठपका लागत नसे आणि नफा मात्र व्याजाहून अधिक पडे.

शहराच्या मध्यभागी, दुकानांनी गजबजलेल्या आनास्ट्रासे या रस्त्याला लागून असलेल्या सेंट आना चर्चमध्ये या घराण्याचे स्मारक आहे. बाहेरून साधे दिसणारे हे चर्च पूर्वी कार्मेलाइट पंथाच्या मठाचे होते. त्याच्या पश्चिम टोकाला फुग्गर बंधूंनी १५०९ साली आपल्या घराण्यासाठी दफनकक्ष बांधायला घेतला आणि १५१८ साली त्याचे अभिषेकविधी झाले. इटलीतल्या प्रबोधनकाळाची वास्तुशैली जर्मन भूमीवर प्रथम उतरली ती या कक्षात, असे कलेचे इतिहासकार मानतात; रंगीत संगमरवराची फरशी, अर्धवर्तुळाकार कमानी आणि भिंतीवरची शिल्पे पाहताना क्षणभर व्हेनिसचाच भास होतो. ज्या वर्षी हे विधी झाले, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विटेनबर्गचा एक संन्यासी या मठाच्या खोलीत उतरला. तो मार्टिन लूथर होता. आज चर्चच्या जिन्याला ‘लूथरचा जिना’ म्हणतात आणि वरच्या खोल्यांत त्या भेटीचे छोटे संग्रहालय आहे. शहराचा सर्वांत धनाढ्य सावकार आणि रोमच्या धर्मसत्तेचा सर्वांत धीट टीकाकार यांची स्मारके अशी एका छपराखाली आहेत. आणि हा योगायोग वरवरचा नाही, कारण लूथरच्या बंडाची ठिणगी फुग्गर पेढीच्याच एका व्यवहारातून उडाली होती.

तो व्यवहार थोडा तपशिलाने समजून घ्यायला हवा. ब्रांडेनबुर्गचा राजपुत्र आल्ब्रेख्त याला १५१४ साली माइंत्सचे आर्चबिशपपद मिळाले. एकापेक्षा अधिक धर्मपदे धारण करण्याची विशेष परवानगी आणि पदाची फी यांसाठी रोमला मोठी रक्कम भरावी लागणार होती, आणि ती त्याने फुग्गरांकडून कर्जाऊ घेतली. हे कर्ज फेडण्यासाठी पोप दहावा लिओ याने त्याला आपल्या प्रदेशात पापविमोचन पत्रे विकण्याची मुभा दिली. पापविमोचन पत्र म्हणजे पापाची क्षमा नव्हे. चर्चच्या शिकवणीनुसार पापाची क्षमा कबुलीजबाबानंतर मिळते, पण त्याची उरलेली शिक्षा मृत्यूनंतर शुद्धिलोकात भोगावी लागते, आणि ती शिक्षा कमी झाल्याचे हे पत्र असते. जमणाऱ्या पैशांपैकी निम्मे रोममधल्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला आणि निम्मे आल्ब्रेख्तच्या कर्जाला जाणार, असे ठरले होते. योहान टेट्झेल हा धर्मप्रचारक गावोगाव ही पत्रे विकत फिरू लागला तेव्हा फुग्गर पेढीचे गुमास्ते त्याच्याबरोबर हिशेब ठेवायला असत. लूथरने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी आर्चबिशप आल्ब्रेख्तला पत्र लिहून आपली ९५ मते पाठवली तेव्हा त्या कर्जाचा तपशील त्याला बहुधा ठाऊक नव्हता. परंतु श्रद्धेचे रूपांतर वसुलीत झाले आहे, हे त्याला नेमके उमगले होते, आणि त्याच्या शब्दांना सामान्य माणसांनी दिलेला प्रतिसाद पाहता ते त्यांनाही उमगले असले पाहिजे.

व्याजाच्या प्रश्नावरही पैसा आणि धर्मशास्त्र यांची अशीच गाठ पडली होती. चर्चच्या जुन्या नियमानुसार कर्जावर व्याज घेणे पाप होते. पण फुग्गरांच्या पेढीत ठेवी ठेवणाऱ्यांना, ज्यांत धर्माधिकारीही होते, दरसाल दरशेकडा पाच या दराने परतावा मिळत असे. हा व्यवहार न्याय्य आहे, असे इंगोलश्टाटचा धर्मपंडित योहान एक याने १५१५ साली बोलोन्या येथे जाहीर वादविवादात मांडले आणि त्यामागे फुग्गरांचे पाठबळ होते. चार वर्षांनी लाइपझिगच्या वादसभेत हाच एक लूथरचा प्रमुख प्रतिपक्षी म्हणून उभा राहिला. लूथरनेही १५२० साली जर्मन सरदारवर्गाला उद्देशून लिहिलेल्या आवाहनात फुग्गर आणि तत्सम पेढ्यांना लगाम घालण्याची मागणी केली. धर्मसुधारणेचा इतिहास लिहिताना ही बाजू पुष्कळदा तळटीपेत ढकलली जाते. सेंट आनामध्ये उभे राहिल्यावर ती मुख्य मजकुरात यायला हवी, असे वाटल्यावाचून राहत नाही.

सेंट आनापासून काही मिनिटांच्या अंतरावर माक्सिमिलियानस्ट्रासे हा शहराचा राजरस्ता लागतो. कारंज्यांनी आणि उंच दर्शनी भिंतींनी नटलेल्या या रस्त्यावर फुग्गरांचा वाडा आहे. १५१२ ते १५१५ या काळात बांधलेला, दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेला आणि नंतर पुन्हा उभारलेला. त्याच्या आतल्या चौकात इटालियन धाटणीच्या कमानी आहेत. याच वाड्यात ऑक्टोबर १५१८ मध्ये पोपचा प्रतिनिधी कार्डिनल काजेतान याने लूथरला तीन दिवस समोर बोलावून मते मागे घेण्यास सांगितले, आणि लूथरने नकार दिला. अटकेची शक्यता दिसताच मित्रांनी त्याला रात्रीच्या वेळी तटातल्या एका छोट्या दरवाज्याने शहराबाहेर काढले. पुढच्याच वर्षी याच वाड्याच्या तिजोरीने युरोपचे राजकारण फिरवले. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट वारसाहक्काने न येता सात निर्वाचक राजपुरुषांच्या मतांनी निवडला जाई. १५१९ साली हॅब्सबुर्ग घराण्याचा चार्ल्स आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस यांच्यात या पदासाठी चुरस लागली, तेव्हा चार्ल्सच्या बाजूने सुमारे साडेआठ लाख गुल्डन खर्च झाले आणि त्यांपैकी सुमारे ५,४३,००० एकट्या याकोब फुग्गरने पुरवले. आउग्सबुर्गच्याच वेल्झर पेढीने आणखी १,४३,००० दिले. कर्जफेड रेंगाळली तेव्हा १५२३ साली याकोबने सम्राटाला पत्र पाठवून, आपल्या मदतीवाचून रोमन मुकुट त्याच्या डोक्यावर आला नसता, याची स्पष्ट शब्दांत आठवण करून दिली. विणकराच्या नातवाने सम्राटाला असे लिहावे आणि सम्राटाने ते ऐकून घ्यावे, यात सरंजामी युरोपाचा शेवट दिसतो.

या वाड्याचा संबंध भारताच्या पश्चिम किनाऱ्याशीही पोहोचतो. १५०५ साली फ्रान्सिस्को द आल्मेदा हा पहिला पोर्तुगीज व्हाइसरॉय लिस्बनहून निघाला तेव्हा त्याच्या ताफ्यातली तीन जहाजे जर्मन आणि इटालियन व्यापाऱ्यांच्या भांडवलावर सज्ज झाली होती, आणि त्यात फुग्गर व वेल्झर या दोन्ही पेढ्यांचा वाटा होता. हा ताफा आज गोव्याच्या अखत्यारीत असलेल्या अंजदीव बेटावर थांबला, तेथून कण्णूर आणि कोचीनला गेला. वेल्झरांचा प्रतिनिधी बाल्थाझार श्प्रिंगर त्यात होता. त्याच्या वृत्तान्ताच्या आधारे आउग्सबुर्गचा चित्रकार हान्स बुर्कमायर याने १५०८ साली आफ्रिका आणि मलबारच्या लोकांचे काष्ठठसे कोरले. भारत स्वतः कधीही न पाहिलेल्या कारागिराने काढलेली ती चित्रे युरोपात छापलेल्या या प्रदेशांच्या आरंभीच्या चित्रांपैकी आहेत. फुग्गरांच्या ताब्यातले हंगेरियन तांबे लिस्बनमार्गे हिंदी महासागराकडे जाई आणि परतीच्या जहाजातून मिरी येई. हा धागा पुढेही टिकला. १५८७ साली आउग्सबुर्गचा फर्डिनांड क्रोन फुग्गर आणि वेल्झर यांचा मिरी खरेदीचा प्रतिनिधी म्हणून भारतात आला आणि कोचीननंतर गोव्यात स्थायिक झाला.

राजरस्त्यावरून खाली उतरून कालव्यांच्या वस्तीत शिरले की एक ठेंगण्या, पिवळसर, वेलींनी झाकलेल्या घरांची पेठ लागते. ही फुग्गराय. गरजू, कष्टाळू आणि कॅथलिक असलेल्या शहरवासीयांसाठी याकोब फुग्गरने वसवलेल्या या वस्तीचे दानपत्र १५२१ सालचे आहे आणि आजही वापरात असलेली ही जगातली सर्वांत जुनी सामाजिक घरकुल-वसाहत मानली जाते. ६७ घरे, सुमारे १४० बिऱ्हाडे. प्रत्येक घरात खाली एक आणि वर एक, दोघांना रस्त्यावर उघडणारी स्वतंत्र दारे. वार्षिक भाडे एक ऱ्हाइनी गुल्डन ठरले होते; त्याचे आजच्या चलनात ०.८८ युरो होतात आणि तेवढेच भाडे आजही घेतले जाते. त्याखेरीज रहिवाशाने दाता आणि त्याचे कुटुंब यांच्यासाठी दररोज तीन प्रार्थना म्हणायच्या असतात. रात्री दहाला वेस बंद होते आणि उशिरा येणाऱ्याला पहारेकऱ्याला किरकोळ पैसे द्यावे लागतात. संगीतकार मोझार्टचा पणजोबा, गवंडी फ्रान्त्स मोझार्ट, सतराव्या शतकाच्या अखेरीस येथेच राहत होता. फेब्रुवारी १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात वस्तीचा मोठा भाग नष्ट झाला. फुग्गर कुटुंबाच्या न्यासाने ती जशीच्या तशी पुन्हा बांधली. या दानामागे स्वतःच्या आत्म्याच्या उद्धाराची काळजी होती, हे तीन प्रार्थनांच्या अटीवरून उघड आहे, आणि ज्या पैशातून हे घडले त्याची कुळकथा वर आलीच आहे. तरीही पाचशे वर्षे गरिबाच्या डोक्यावर छप्पर टिकवणाऱ्या व्यवस्थेसमोर टीकाकारानेही आदराने थांबावे. याकोबच्या कर्जाने सत्तेवर आलेल्या चार्ल्सचे साम्राज्य कधीच लयाला गेले, पण ही वस्ती राहिली.

कॅथीड्रलशेजारी पूर्वीच्या बिशपवाड्याची इमारत आहे आणि आता तेथे प्रांताचे शासकीय कार्यालय चालते. २५ जून १५३० रोजी येथे सम्राट चार्ल्ससमोर प्रोटेस्टंट राजे आणि नगरे यांचे श्रद्धानिवेदन जर्मन भाषेत मोठ्याने वाचले गेले. फिलिप मेलांखथॉनने लिहिलेले हे ‘आउग्सबुर्गचे श्रद्धानिवेदन’ आजही जगभरच्या लूथरपंथीयांचा पायाभूत दस्तऐवज आहे. शहराने स्वतः मात्र हेलकावे खाल्ले. १५३७ साली नगरसभेने कॅथलिक उपासनेवर बंदी घातली; १५४८ साली, प्रोटेस्टंट राजांविरुद्धच्या युद्धात विजयी झालेल्या चार्ल्सने १३६८ पासून चालत आलेली कारागीर श्रेणींची सत्ता मोडून नगरसभा मूठभर कुलीन घराण्यांच्या हाती दिली. या दोन्ही बाजूंनी चिरडले गेले ते पुनर्बाप्तिस्मावादी, म्हणजे बालपणीचा बाप्तिस्मा न मानता प्रौढपणी समजून घेतलेल्या दीक्षेचा आग्रह धरणारे लोक. १५२८ च्या ईस्टरला एका शिल्पकाराच्या घरी जमलेल्या अशा ८८ जणांना नगरसभेने पकडले. हद्दपारी, फटके आणि जळत्या लोखंडाचे डाग हे त्यांच्या वाट्याला आले.

याच शहरात २५ सप्टेंबर १५५५ रोजी झालेल्या साम्राज्यसभेच्या ठरावाला आउग्सबुर्गची धर्मशांती म्हणतात. ‘ज्याचे राज्य, त्याचा धर्म’ हे त्याचे प्रसिद्ध सूत्र ठरावात नाही, ते कायदेपंडितांनी नंतर घडवले. पण आशय तोच होता. राजा कॅथलिक की लूथरपंथी हे राजाने ठरवायचे, प्रजेने त्याच्यामागे जायचे, आणि ज्याला ते पटत नसेल त्याने मालमत्ता विकून दुसऱ्या राज्यात जायचे. कॅल्व्हिनपंथीय आणि पुनर्बाप्तिस्मावादी यांना यात जागा नव्हती. व्यक्तीच्या सदसद्विवेकाला मान्यता देणारा हा करार नव्हता, आणि त्याला सहिष्णुतेची सनद म्हणणे चुकीचे ठरेल. तरी देश सोडून जाण्याचा हक्क लेखी मान्य होणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. १५६० साली पोर्तुगीजांनी गोव्यात धर्मन्यायालय स्थापले, तेव्हा तेथील नवख्रिस्ती आणि हिंदूंना असा कोणताही लेखी हक्क नव्हता, हे मराठी वाचकाने ध्यानात घ्यावे. ठरावातले आणखी एक कलम आउग्सबुर्गसाठी निर्णायक होते: ज्या साम्राज्यनगरांत दोन्ही पंथ आधीपासून नांदत होते, तेथे दोघांनाही राहू द्यायचे.

असे राहणे किती अवघड असते, हे पंचांगाच्या वादाने दाखवले. पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ साली जुन्या कालगणनेतले दहा दिवस गाळून नवी गणना सुरू केली. भोवतालच्या बव्हेरियात ती लागू झाल्यामुळे बाजाराचे दिवस जुळावेत म्हणून आउग्सबुर्गच्या नगरसभेनेही १५८३ मध्ये ती स्वीकारली. प्रोटेस्टंटांना पोपच्या हुकमाने सण पाळणे मंजूर नव्हते. १५८४ च्या जूनमध्ये त्यांचा मुख्य धर्मगुरू गेओर्ग म्युलर याला हद्दपार करायला निघालेली गाडी जमावाने अडवली, सशस्त्र लोक नगरभवनावर चालून गेले आणि शहर यादवीच्या काठावर आले. खगोलशास्त्राच्या दृष्टीने नवी गणनाच बरोबर होती; पण ती आणणारा हात कोणाचा, हा प्रश्न लोकांना सूर्याच्या गतीहून मोठा वाटला.

त्या नगरभवनाच्या जागी आज उभी असलेली भव्य इमारत वास्तुविशारद एलिआस होल याने १६१५ ते १६२० या काळात बांधली. तिसऱ्या मजल्यावरचे सोन्याने मढवलेले दालन १९४४ मध्ये जळाले आणि १९८० च्या दशकात पुन्हा साकारले. इमारत पूर्ण होत असतानाच तीस वर्षांचे युद्ध सुरू झाले होते. १६२९ साली सम्राट दुसरा फर्डिनांड याने प्रोटेस्टंटांनी घेतलेली चर्चमालमत्ता परत करण्याचे फर्मान काढले आणि ८ ऑगस्ट १६२९ रोजी आउग्सबुर्गमधली प्रोटेस्टंट उपासना बंद पाडली गेली. कॅथलिक प्रार्थनेला जाण्यास नकार देणाऱ्या होललाही नोकरी गमवावी लागली. १६३२ मध्ये स्वीडनचा राजा गुस्ताव आडोल्फ शहरात आला आणि पारडे उलटले. १६३४–३५ च्या वेढ्यात उपासमार झाली. युद्धापूर्वी चाळीस हजारांहून अधिक असलेली लोकवस्ती १६३५ मध्ये सुमारे सोळा हजारांवर आली होती.

या विनाशातून १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहाने आउग्सबुर्गला समसमानता दिली. प्रोटेस्टंट बहुसंख्य असूनही सर्व अधिकारपदे दोन्ही पंथांत निम्मी-निम्मी वाटायची. दोन नगरप्रमुख, एक या पंथाचा आणि एक त्या पंथाचा. जेथे पदांची संख्या विषम, तेथे आळीपाळीने. माक्सिमिलियानस्ट्रासेच्या दक्षिण टोकाला ही व्यवस्था दगडात उभी दिसते: सेंट उलरिख आणि आफ्रा यांचे उंच कॅथलिक चर्च आणि त्याच्या पायाशी, त्याला खेटून, प्रोटेस्टंट सेंट उलरिख. फ्रेंच इतिहासकार एतिएन फ्रांस्वा याने या शहरातल्या दोन पंथांमधल्या विभागणीला ‘अदृश्य सीमा’ म्हटले आहे. मुलांची नावे वेगळी, सोयरिकी वेगळ्या. शेजार एक, जग दोन. या शांततेत प्रेम फारसे नव्हते. ती हिशेबाच्या वहीसारखी होती, जमा आणि खर्च रकाने मोजून भरलेली. पण दीडशेहून अधिक वर्षे, १८०६ साली शहर बव्हेरियात विलीन होईपर्यंत, ती टिकली. आणि ज्यांच्या आजोबांनी एकमेकांना उपाशी मारले होते त्यांच्यासाठी मोजूनमापून केलेली वाटणी हीच सर्वांत प्रामाणिक तडजोड होती. उदारता शिकवायला पिढ्या लागतात, तोवर न्याय्य वाटणीने माणसे जिवंत राहतात.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी कॅथलिक चर्च आणि लूथरपंथीय जागतिक संघ यांच्या प्रतिनिधींनी, माणसाला ईश्वरी कृपेने मुक्ती कशी मिळते या मूळ वादावरच्या संयुक्त निवेदनावर आउग्सबुर्गमध्येच, सेंट आना चर्चमध्ये सह्या केल्या. त्याच चर्चच्या पश्चिम टोकाला याकोब फुग्गरची समाधी आहे. आयुष्यभर कॅथलिक राहिलेल्या या माणसाच्या हयातीच्या अखेरच्या महिन्यात, १५२५ च्या नाताळात, तेथे लूथरपंथी पद्धतीने प्रभुभोजन दिले गेले आणि पाच दिवसांनी तो वारला.

१६२९ मधल्या बंदीची तारीख आउग्सबुर्गच्या प्रोटेस्टंटांनी १६५० पासून शांतिसण म्हणून पाळायला सुरुवात केली. आता तो सर्व शहराचा सण आहे. त्या दिवशी नगरभवनासमोरच्या चौकात लांबच लांब टेबले मांडली जातात आणि लोक घरून आणलेले पदार्थ अनोळखी शेजाऱ्यांबरोबर वाटून खातात. ८ ऑगस्टला आउग्सबुर्ग शहराच्या हद्दीत कायदेशीर सार्वजनिक सुट्टी असते, आणि हद्दीबाहेरच्या पहिल्या गावात दुकाने नेहमीप्रमाणे उघडी असतात.